डबल केबिन पिकअप: मागची सीट काढण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगोल्याकडचे एक डाळिंब बागायतदार. जुनी डबल केबिन पिकअप नुकतीच घेतली आहे. आठवडाभर मागच्या केबिनमध्ये दोन गडी आणि ठिबकचं किरकोळ सामान असतं. हंगामात माल घेऊन बाजारात रात्रीचा मुक्काम होतो, आणि रविवारी घरची माणसं घेऊन अक्कलकोट नाहीतर पंढरपूर. मागे बसणाऱ्यांच्या तीन तक्रारी आहेत: दुपारी भट्टी होते, धूळ आत येते आणि सीट भिंतीसारखी सरळ आहे. सोलापुरात एका कारागिराने सुचवलं की मागची सीट काढून टाका, तिथे प्लायची पेटी बसवू, वर रेक्झिनची गादी टाकू. खाली खण होतील, वर बसताही येईल, झोपताही येईल. ते विचारतात, करू का, आणि करायचं तर कसं?

मालक, सीट काढू नका. बाकी बरंच करता येतं, ते पुढे सांगतो. पण आधी तुमचाच प्रश्न नीट मांडून बघू. ऊन, धूळ आणि सीटचा कोन, या तुमच्या तीन तक्रारी. कारागीर विकतोय सामान ठेवायची पेटी. ती कितीही सुबक झाली तरी तिन्हींतली एकही तक्रार मिटत नाही. उलट गादी लाकडावर नुसती ठेवलेली असल्यामुळे जोरात ब्रेक लागला की माणूस गादीसकट पुढे घसरतो आणि सीटबेल्टचा खालचा पट्टा मांड्यांवरून पोटावर चढतो. कंपनीच्या सीटची बैठक पुढच्या कडेला थोडी उंच असते ती हे घसरणं रोखायलाच. सपाट पेटीत तो उंचवटा जातो.

दुसरी बाजू कायद्याची. आरसीवर बसण्याची क्षमता लिहिलेली असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदीतल्या तपशिलाशी कंपनीच्या मूळ रचनेचा मेळ राहणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे कलम असंच कडक वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. चौकात कुणी अडवेल का, हा भाग सोडा. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर आला आणि मागे सीटच नाही, पण माणूस बसलेला होता, हे त्याने लिहिलं की दाव्याचं काय होतं याचा विचार करा. गाडी पिवळ्या पाटीची असेल तर फिटनेसलाही तोच प्रश्न येईल.

म्हणून माझा नियम साधा आहे. सीट, सीटबेल्ट आणि त्यांचे बोल्ट जिथे आहेत तिथेच राहतील. बाकी जे करायचं ते सीटच्या खाली, मागे, छताला आणि दारांना, आणि तेही असं की पाने घेऊन बसलं तर अर्ध्या दिवसात सगळं मूळ जागी आणता येईल. अस्तरं, इन्सुलेशन, सीट कव्हर, बोल्टने सुटणारी पेटी एवढं या चौकटीत बसतं. काही शंका असेल तर आरटीओ कार्यालयात आधी विचारून घ्या, आणि विमा कंपनीला केलेल्या कामाची माहिती लेखी द्या.

आता गाडीवर काय अवलंबून आहे ते. तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही, आणि डबल केबिनमध्ये फरक बराच असतो. काही गाड्यांत मागची बैठक पट्टा ओढला की वर उचलते, काहींत चार बोल्टवर पक्की असते. काहींत छताचं अस्तर एकसंध साच्याचं असतं, जुन्यांत तारांवर ताणलेलं रेक्झिन. काहींत जॅक आणि हँडल मागच्या सीटखाली किंवा पाठीमागे असतात. कामाला हात घालण्याआधी चार मापं घ्या: दोन दारांमधली आतली रुंदी, बैठकीखालची मोकळी उंची, पाठीमागची फट, आणि बैठकीपासून छतापर्यंतची उंची. शेवटचं माप सगळ्यात उंच माणसाला बसवून घ्या. खालची उंचीही माणूस बसलेला असतानाच मोजा, कारण स्प्रिंग दबतात. रिकाम्या सीटच्या मापावर केलेली पेटी पहिल्याच खड्ड्यात सीटला खालून ठोकते.

पहिलं काम सौंदर्याचं नाही, पाण्याचं आहे. जुन्या गाडीवर इन्सुलेशन चिकटवण्याआधी केबिन गळते का ते बघायलाच हवं. मॅट आणि खालचं नमदं उचला. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं. सुरुवात खालून करा: आधी दाराची खालची कड, मग काचेचं रबर, शेवटी छताची पन्हाळ. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि कुठून शिरतंय ते कळत नाही. प्रत्येक जागेला पाच मिनिटं द्या. पिकअपमध्ये मागच्या काचेचं रबर हे नेहमीचं गुन्हेगार. ते कडक होऊन आकसतं आणि कोपऱ्यात केसाएवढी फट पडते. दुसरी जागा म्हणजे फरशीच्या पत्र्यातले रबरी बूच. धुताना निघतात आणि परत कुणी बसवत नाही.

गंज दिसला तर त्यावर काही चिकटवू नका. तारेच्या ब्रशने चकचकीत पत्रा येईपर्यंत घासा, खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं गंजरोधक लावा, पूर्ण वाळू द्या, मग इपॉक्सी प्रायमर आणि वर रंग. खताची पोती आणि फवारणीचं सामान वाहिलेल्या गाड्यांची फरशी जास्त खराब निघते, कारण खताचे क्षार ओल धरून ठेवतात. जुनी गाडी घेताना मॅट उचलून बघायला म्हणूनच सांगतात, पण बघत कुणी नाही.

आता ऊन. हा तुमचा मोठा प्रश्न आहे, म्हणून इथे जरा थांबू. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असतो, आणि स्वच्छ आकाशात भर दुपारी आडव्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर साधारण एक किलोवॅट ऊन पडतं. मागच्या केबिनवरचं छत धरा १.२ गुणिले ०.९ मीटर. म्हणजे डोक्यावर एक हजार वॉटची शेगडी. पत्रा तापतो, अस्तर तापतं, आणि अस्तर खाली डोक्यावर उष्णता फेकतं. एसी पुढच्या डॅशबोर्डवर, त्याची हवा पुढच्या सीटच्या पाठीला अडते. मागच्याला मिळतं ते उरलंसुरलं.

उपाय दोन थरांचा. लोक दोन्हींची गल्लत करतात, म्हणून वेगळे सांगतो. पहिला थर ब्युटिलचा, म्हणजे चिकट रबरी शीटचा, वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेला, २ मिमी जाडीचा. याचं काम उष्णता अडवणं नव्हे. पत्र्याची थरथर दाबून आवाज कमी करणं एवढंच त्याचं काम. त्यामुळे सगळा पत्रा मढवायची गरज नाही. पत्र्याच्या मोकळ्या भागाच्या मध्यावर, एकूण क्षेत्राच्या ३० ते ३५ टक्के लावला तरी पत्रा ढोलासारखा वाजायचा थांबतो. छत, मागची भिंत, दोन दारं आणि फरशी मिळून साधारण ३ चौरस मीटर धरलं तर १ चौरस मीटर पुरे. हा माल चौरस मीटरला ३ किलोच्या वर भरतो. सगळीकडे लावला तर दहा किलो वजन आणि तिप्पट पैसे, फायदा मात्र थोडाच जास्त. स्वस्त म्हणून डांबराचा शीट कुणी देऊ केला तर घेऊ नका. तो मेमध्ये मऊ पडतो, छतावरून लोंबतो आणि केबिनला रस्त्याच्या कामासारखा वास येतो.

दुसरा थर बंद पेशींच्या फोमचा, १० मिमी, क्रॉसलिंक पॉलिइथिलिन किंवा नायट्राइल रबराचा. उष्णता खरी हा अडवतो. छत, मागची भिंत आणि दारं मिळून सव्वादोन चौरस मीटर लागेल, काटछाट धरून अडीच घ्या. बंद पेशी यासाठी की तो पाणी पीत नाही. साधा गादीचा फोम किंवा ग्लासवूल छतात घातलं तर पावसाळ्यात आत ओल धरते, आणि ग्लासवूलचे तंतू हादऱ्यांनी झडून खाली बसणाऱ्यांच्या मानेवर येतात. फोमला चांदीसारखा पापुद्रा असेल तर तो खाली, केबिनच्या बाजूला ठेवा आणि अस्तरापर्यंत १५-२० मिमी हवेची फट राहील असं बघा. चकाकी उष्णता रोखते ती समोर मोकळी हवा असेल तरच. अस्तराला दाबून चिकटवली की ती नुसता धातूचा कागद. तारांवर ताणलेलं जुनं अस्तर असेल तर एवढी जागा मिळणार नाही. तिथे ६ मिमीवर समाधान माना.

चिकटवण्याच्या कामात निम्मे लोक फसतात. छताचा पत्रा उन्हात ७० अंशांच्या आसपास जातो, आणि साधं रबर सोल्युशन त्या तापमानाला पकड सोडतं. दोन महिन्यांनी फोम अस्तरावर पडतो आणि अस्तर पोट सुटल्यासारखं खाली येतं. उष्णता सोसणारं काँटॅक्ट ॲडहेसिव्ह घ्या आणि डब्यावर तापमानाचा आकडा वाचूनच घ्या. पत्रा थिनरने दोनदा पुसा, दुसऱ्यांदा स्वच्छ फडक्याने. गोंद दोन्ही बाजूंना लावा, बोटाला चिकटेनासा झाला की मगच बसवा आणि छोट्या रोलरने दाबा. काम सकाळी सात ते दहामध्ये उरका. तापलेल्या पत्र्यावर गोंद वरवर सुकतो आणि आत ओला राहतो. चारही दारं उघडी ठेवा, बिडी-काडी लांब. त्या वाफा पेटतात.

फोम घेताना चार बोटं रुंदीची पट्टी मागून घ्या आणि बाहेर मोकळ्यावर, चिमट्यात धरून एका टोकाला काडी लावून बघा. ज्योत काढल्यावर विझली तर ठीक, भुरभुर जळत पुढे गेली तर परत करा. गाडीच्या आतल्या मालाच्या ज्वलनासाठी भारतात आयएस १५०६१ हे मानक आहे. दुकानदाराला ते माहीत असेल तर बरंच, नसेल तर काडी आहेच.

एक गोष्ट मात्र झाकू नका. बहुतेक केबिनमध्ये मागच्या भिंतीत किंवा कोपऱ्यात अस्तरामागे हवा बाहेर जाण्याच्या रबरी झडपा असतात. पुढून ब्लोअर हवा आत ढकलतो, तेवढी तिथून बाहेर जाते. त्यावर फोम चिकटवला की दोन लक्षणं दिसतात: दार बंद करायला जोर लागतो आणि एसीची हवा मागे येईनाशी होते. गिऱ्हाईक मग एसीत गॅस भरून घेतं. गाडीला पडदा एअरबॅग (छताच्या कडेतून खिडकीवर उघडणारी) असेल तर छताच्या कडेचं अस्तर आणि पिवळ्या कनेक्टरच्या वायरी यांना हात लावू नका, ते काम कंपनीच्या वर्कशॉपचं.

काचांवर काळी फिल्म लावायचा मोह होईल. नियमात पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार जायला हवा. बाजारातली गडद फिल्म त्यात बसत नाही. त्यापेक्षा गाडी उभी असताना लावायच्या काढघालीच्या जाळ्या वापरा. आणि तुम्ही बागायतदार आहात, शेडनेटचा तुकडा घरी पडलेलाच असेल. डाळिंबाला चट्टे पडू नयेत म्हणून पांढरं कापड टाकता, तेच तत्त्व. गाडी बागेत उभी करताना छताच्या वीतभर वर नेट ताणलं तर जेवढा फरक पडतो तेवढा दहा मिमी फोमनेही पडत नाही, कारण ऊन पत्र्यापर्यंत पोचतच नाही आणि मधून वारा वाहतो.

एवढं करून मागे हवा पोचवायला १२ व्होल्टचा सहा इंची पंखा पुढच्या दोन सीटांच्या मध्ये, वरच्या बाजूला, डोकं आपटणार नाही अशा जागी. तो एक-दीड अँपिअरच खातो. पुढची गार हवा मागे ढकलायला तो पुरतो. छतात वेगळा ब्लोअर आणि पाइप टाकायचा खर्च मी तुमच्या वापराला सुचवणार नाही.

धुळीची गंमत अशी की ती गाडी चालवण्याच्या सवयीनेच निम्मी आत येते. कच्च्या रस्त्यावर लोक हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण दाबून ठेवतात. त्यामुळे केबिनमधला दाब बाहेरपेक्षा कमी राहतो आणि प्रत्येक फटीतून धूळ ओढली जाते. काचा बंद, बाहेरची हवा चालू आणि ब्लोअर एक-दोनवर ठेवा. आतला दाब किंचित जास्त राहतो आणि फटींतून हवा बाहेर जाते. पुढे उसाची ट्रॉली धूळ उडवत असेल तेवढ्यापुरतंच बटण दाबायचं. केबिनच्या हवेचा फिल्टर असेल तर तो मात्र वेळेवर बदला.

उरलेली धूळ दाराच्या रबरातून. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. अडकून निघाली तर रबर ठीक, सहज निसटली तर तिथे पकड नाही. असं दर वीतभर अंतरावर करा. लगेच रबर बदलू नका, आधी दाराचं कुलूप ज्यात अडकतं तो खांबावरचा आकडा मिलिमीटर-दोन मिलिमीटर आत घेऊन बघा. जुन्या गाडीत बऱ्याचदा एवढ्याने भागतं. भागलं नाही तर कंपनीचंच रबर घ्या. मीटरवर मिळणारं रबर बहुतेक वेळा जाड निघतं, दार फुगतं आणि कुलपावर ताण येतो.

सीटच्या कोनाबद्दल सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात. पाठ मागे झुकवायला कुणी फ्रेम कापून वेल्डिंग करतो, कुणी पुढच्या पायाखाली वॉशरची चळत घालतो. दोन्ही नको. वेल्डिंगने पोलाद त्या जागी ठिसूळ होऊ शकतं आणि वॉशरच्या चळतीवर बोल्ट वाकतो. पाठीमागे केबिनची भिंत आहे, मागे जायला जागाच नसते. मग कोन बदलायचा कसा? बैठकीच्या फोममधून. पुढच्या कडेला ४० मिमी आणि मागे शून्य अशी पाचर कापून बैठकीच्या फोमखाली बसवा. मांडीला आधार मिळतो, शरीराचं वजन आपोआप पाठीकडे झुकतं. पाठ तेवढ्याच कोनात असते, पण बसणाऱ्याला ती कमी सरळ वाटते. फ्रेमला हात लागत नाही. छताची उंची कमी असेल तर पाचर ३० मिमीची करा, आणि बसल्यावर एकूण उंची २५ मिमीपेक्षा जास्त वाढू देऊ नका. नाहीतर खड्ड्यात डोकं छताला लागतं.

फोम बैठकीला ४० डेन्सिटीचा (घनमीटरला ४० किलो), पाठीला ३२ चा. रिबाँडेड, म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला, फोम स्वस्त आणि टिकाऊ म्हणून खपवला जातो, पण तो फळीसारखा लागतो. पाचरीसाठी तेवढा वापरा, वर नको. शिलाई नायलॉन किंवा पॉलिस्टर दोऱ्याची, टाका ३-४ मिमीचा. सुती दोरा घामाने आणि उन्हाने वर्षभरात कुजतो. टाके फार जवळ घेतले तर रेक्झिनला पोस्टाच्या तिकिटासारखी भोकं पडतात आणि ते ओळीने फाटतं. कव्हर शिवताना सीटबेल्टची कुलपं वर मोकळी राहिली पाहिजेत. कारागीर ती गादीत गाडून टाकतात, आणि मग मागचा बेल्ट आयुष्यभर कुणी लावत नाही. मागे बसणाऱ्याने बेल्ट न लावल्यास कायद्यात १,००० रुपये दंड आहे, आणि १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालसीट नसेल तरी तेवढाच.

रेक्झिनचा रंग फिकट घ्या, काळं मेमध्ये चटका देतं. खरं सांगायचं तर सोलापुरात राहून मागच्या सीटवर नुसतं रेक्झिन ठेवणं हाच अन्याय. चाटी गल्लीत जाऊन सोलापुरी चादर घ्या, नाहीतर टर्किश टॉवेलचं जाड कापड. घाम शोषतं, चटका देत नाही, दर आठवड्याला धुता येतं. फक्त ते घसरतं, म्हणून मागच्या कडेला ४० मिमी पाइपचा तुकडा शिवून बैठक आणि पाठ यांच्या फटीत खोचा आणि पुढून खाली इलॅस्टिक लावा.

आता पेटी, कारण सामान ठेवायचंच आहे. ती सीटच्या जागी नको, सीटच्या खाली. बैठकीखालची जी उंची मिळेल त्यातून ४० मिमी वजा करा, बाकी पेटीची. १२ मिमीचा आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या. चौरस मीटरला साधारण ८ किलो भरतो, म्हणजे आठ बाय चारचा पूर्ण शीट २४ किलोच्या आसपास, आणि तुम्हाला निम्माही लागणार नाही. कापलेल्या कडांना दोन हात पॉलियुरेथेन लावा, पाणी शिरतं ते कडेतूनच. १८ मिमी घेऊ नका. मजबुती वाढते ती सांध्यांनी आणि बोल्टांनी, जाडीने नव्हे. सरकते खण करू नका. बेअरिंगचे चॅनेल पक्क्या रस्त्यावर छान चालतात, पण बागेच्या वाटेवर धुळीने आवळतात आणि हादऱ्यांनी आपोआप उघडतात. वरून किंवा पुढून उघडणारं झाकण, त्याला दाबून बसणारी खिट्टी आणि वर पट्टा. चुंबकाचं कॅच कपाटासाठी ठीक.

पेटी कशी धरून ठेवायची? ताशी ५० किमीवरून गाडी दहाव्या हिश्शाच्या सेकंदात थांबली तर प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या चौदापट जोराने पुढे ओढली जाते. १२ किलोची पान्यांची पेटी म्हणजे १७० किलोचा धक्का. फरशीच्या पातळ पत्र्यात मारलेला सेल्फ टॅपिंग स्क्रू तो धरत नाही. शिवाय त्याचं टोक खाली ब्रेकची पाइप, डिझेलची लाइन किंवा वायरिंग यातल्या कशावर जाईल ते वरून दिसत नाही. गाडी रॅम्पवर घेऊन खालून बघा, मगच चार जागा ठरवा. एम ८ चे ८.८ ग्रेडचे बोल्ट, पत्र्याखाली ५० बाय ५० चा ३ मिमी प्लेटचा तुकडा, नायलॉक (हादऱ्यांनी सैल न होणारे) नट, २० न्यूटन मीटरच्या आसपास घट्ट. भोकाच्या कडेला झिंक प्रायमर आणि भोवती सीलंट. पेटी आणि पत्रा यांच्यामध्ये ३ मिमी रबर, नाहीतर रात्रंदिवस कुरकुर. सीटच्या पायाखाली मात्र कुठलीही पट्टी घालायची नाही, आणि सीटबेल्टचा बोल्ट कशासाठीही उसना घ्यायचा नाही.

आणखी एक धोका: पेटीला आधार म्हणून कुणी केबिनच्या मागच्या भिंतीतून हौद्याच्या पत्र्यापर्यंत आरपार बोल्ट टाकतो. केबिन रबरी माउंटिंगवर बसवलेली असते, हौदा चेसीवर वेगळा. चेसी पिळली की दोघं वेगवेगळे हलतात, त्यांच्यामधली फट त्यासाठीच आहे. जोडले तर भिंतीचा पत्रा बोल्टाभोवती चिरतो.

वायरिंग मागे न्यायचं असेल तर पंखा आणि मोबाइल चार्जर मिळून १० अँपिअर धरा. चार मीटर अंतराला २.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरीत अर्ध्या व्होल्टपेक्षा थोडं जास्त पडतं, ४ चौरस मिमी घेतली तर साधारण ०.३५. दुसरी घ्या. १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात, मागच्या टोकाला नव्हे. वायर मधे कुठे घासून पत्र्याला लागली तर आग फ्यूजच्या आधीच्या भागात लागते. इग्निशनवर चालणारा, म्हणजे चावी फिरवल्यावरच वीज जोडणारा, रिले टाका म्हणजे रात्री पंखा विसरला तरी सकाळी बॅटरी जिवंत. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, आणि वायर सीटच्या सरकत्या पट्टीजवळून नको.

झोपण्याबद्दल मन मोठं करू नका. दोन दारांमधलं अंतर साडेचार फुटांच्या आसपास, त्यात मोठा माणूस गुडघे मुडपूनच आडवा होणार. त्यासाठी १२ मिमी प्लायची दोन भागांची फळी करा, मध्ये पियानो बिजागरी, एक कड बैठकीवर, दुसरी पाय ठेवायच्या जागेत उभ्या केलेल्या आधारावर. गाडी उभी असतानाच उघडायची, एरवी घडी करून पाठीमागे पट्ट्याने बांधायची. काचा दोन्ही बाजूंना बोटभर खाली, त्यावर डासांची जाळी. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका. बाजारातल्या शेडमध्ये किंवा भिंतीलगत धूर आत येतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गड्यांच्या पायाशी फवारणीच्या औषधाच्या बाटल्या किंवा पेट्रोलचा कॅन ठेवायची पद्धत दिसली तर ती आजच बंद करा. बंद तापलेल्या केबिनमध्ये बुचातून वाफ निघतेच. त्यासाठी हौद्यात कुलपाची वेगळी पेटी करा.

कामाचा क्रम असा ठेवा: गळती आणि गंज, वायर टाकणं, छत-भिंत-दारं, मग पेटी, सीटचं काम शेवटी. वायर आधी टाकली नाही तर नवं अस्तर पुन्हा उतरवावं लागतं. सगळं झाल्यावर ५०० किलोमीटरनी पेटीचे चारही बोल्ट एकदा तपासा. रबर दबून बसलेलं असतं आणि नट पाव फेरा हमखास फिरतो.